टाका उसवतोय

सोमवार
नोकरी मिळाली, देवाची कृपा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचं हे केंद्र स्वच्छ आहे, माणसं बरी आहेत. काम सोपं. रुग्णाला काचेपलीकडच्या खोलीत बसवायचं आणि भिंतीवरच्या चित्राबद्दल बोलतं करायचं. काचेच्या अलीकडे मी हेडफोन लावून बसतो. माणूस कुठे अडखळला, कुठे शब्द हरवला, यावरून संगणक आजार किती पुढे गेला ते सांगतो. खेड्यातल्या शाळेत शिकलेल्या मला हे नवलच. सुरुवातीला मी संगणकाला हात जोडले, तर सिस्टर म्हणाल्या, अहो देवमाणूस, त्याला फुलंबिलं वाहू नका, बंद पडेल. दोघंही हसलो.

बुधवार
माझ्या आधीचा माणूस काम सोडून का गेला, ते आज सिस्टरांनी सांगितलं. इथल्या रुग्णांत पूर्वी शिवण शिकवणाऱ्या एक बाई होत्या. ‘दुखतंय’ हा शब्दच त्यांच्याकडून हरवला होता. एका दुपारी आत बसून, छातीवर हात ठेवून म्हणत राहिल्या, टाका उसवतोय, कुणीतरी धरा. संगणकाने दाखवलं: असंबद्ध. तो माणूस उठू लागला, तर डॉक्टरसाहेब म्हणाले, यंत्राला कळतं, तुम्हाला काय कळतं, बसा खाली. बाईंनी त्याच खुर्चीत प्राण सोडला. तो पुन्हा कामावर आला नाही.
मी मनातच प्रार्थना केली. बाईंचं नाव ठाऊक नव्हतं; देवाला असेल.

शुक्रवार
निवृत्त पोस्टमनकाका चित्रातल्या मांजरीबद्दल बोलत होते. मधेच हात छातीवर गेला. म्हणाले, टाका उसवतोय. नंतर काही आठवेना. दुपारी एक आजी, तेच. आवाज दोघांचाही नव्हता. एकाच बाईचा होता.

शनिवार
आज सगळेच. आणि वर विचारतात, साहेब कुठे आहेत? सिस्टर आता थट्टा करत नाहीत.

सोमवार
साहेब भडकले. म्हणाले, तुम्ही गावंढळ माणसांनी यंत्र बिघडवलंत, धडधाकट आवाज कसा असतो ते ऐका. स्वतःच आत जाऊन बसले.
दोन वाक्यं ठणठणीत. मग हात छातीवर—
टाका उसवतोय, म्हणतात. धरा, म्हणतात. काचेतून माझ्याकडे बघतात.
सिस्टर दार ओढतायत. उघडत नाही— कुलूपच नाही त्याला—
मी उठू लागलो. खांद्यावर बोट. थंड, धातूचं. शिवताना घालतात ते अंगुस्तान. अंग हलत नाही, फक्त लिहिता हात—
बाई, देवासाठी सोडा त्यांना, म्हणालो. कानात त्या हसल्या. म्हणाल्या, नीट बोलायला सांगा की त्यांना. आणि घाई कसली, आधी यंत्राला विचारा, त्याला कळतं.
साहेब खुर्चीतून घसरले. ओठ हलतायत अजून. मला सगळं समजतंय, देवा, सगळं—
पडद्यावर अक्षरं उमटतायत. असंब—