डाव्या कानाचं फडकं

बेर्मेओ, १४ ऑक्टोबर

प्रिय मायालेनताई,

पत्राला कारण आहे, पण ते जरा वेळाने सांगतो. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा तिच्यासारखाच, ऐकत नाही. यंदा टुना भरपूर आला, बंदरावर वास मावत नाही. तू तिकडे बायोनला हॉटेलच्या स्वयंपाकघरात बारा पुरुषांना बोटावर नाचवतेस, हे आई शेजारणींना रोज सांगते. बाबा ऐकतात आणि पेपर उलटतात.

आमच्या पुरुषांच्या स्वयंपाक-मंडळात या शनिवारी वार्षिक जेवण आहे. सगळ्यांनी गळ घातली आहे, "एनेको, तुझं गेल्या वर्षीचं कॉड माशाचं पिलपिल पुन्हा होऊ दे." मी हो म्हणून बसलो. तेव्हापासून आईच्या स्वयंपाकघरात चार वेळा करून पाहिलं. कॉड चांगला, तेल चांगलं, लसूणही जळत नाही. पण भांडं कितीही फिरवलं तरी दोन्ही एकजीव होऊन दाट होत नाही, तेल वेगळं आणि रस वेगळा, नासलेल्या दुधासारखा. आई म्हणाली, "तुमच्या मंडळात पुरुषांना टाळ्या मिळतात, इथे मला भांडी मिळतात. निदान आजची तरी घासून जा." घासली.

आता गेल्या वर्षीचं. आपण दोघंही तो विषय काढत नाही.

बाबांच्या सत्तरीचं जेवण मंडळात होतं; बायका बाहेर टेबलावर आणि आम्ही आत चुलीपाशी, हा नियम तुला पाठ होता. तरी माझं तोंड बघून तू आत आलीस, कारण माझं पिलपिल फुटलं होतं. भांड्याच्या डाव्या कानाला फडकं गुंडाळलंस आणि दहा मिनिटांत सगळं दाट, पांढरं करून दिलंस. तेवढ्यात बाबा आणि मंडळी दारात आली. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "ताई, बायकांनी इथे यायचं नसतं, कळत नाही का तुला?" तू हात पुसलेस आणि न जेवता बसने गेलीस. बाबांनी विचारलं, कोणी जमवलं. मी म्हणालो, मी. त्यांनी तिथेच मंडळाच्या दाराची आपली किल्ली, म्हणजे आपली सभासदाची जागाच, माझ्या हातात दिली.

मला वाटत होतं, ही लबाडी माझी एकट्याची आहे. परवा रविवारी जेवताना बाबा अचानक म्हणाले, "फडकं डाव्या कानाला होतं."

घरात डावखुरी एकटी तू. मी म्हटलं, मग किल्ली मला का दिलीत?

"मायालेनला दिली असती तर मंडळाने परत घेतली असती," ते म्हणाले. मग पाव मोडत म्हणाले, "आणि तू घेतलीस ना?"

ताई, तेव्हापासून मला काही सुधरत नाही. कधी बाबांचा राग येतो, की सगळं माहीत असून तुला बसने जाऊ दिलं. मग वाटतं, तुला हाकलणारं तोंड तर माझंच होतं. बाबा घरी साधी कॉफीसुद्धा करत नाहीत आणि मंडळात सगळ्यांना रांधून वाढतात. लहानपणापासून मला ते थोर वाटायचं. आता ते थोर होतं की नुसती सवय, कळत नाही. मी त्यांच्यासारखा व्हायला निघालो आणि झालो, एवढंच कळतं. मला लाज वाटते.

शनिवारी वाढण्याआधी मंडळात सगळ्यांना सांगणार आहे, की ते पिलपिल तुझं होतं. सांगेनच अशी शपथ घेत नाही. तिथले चेहरे तू पाहिले आहेस. पण ठरवलं आहे. किल्लीचं काय करायचं ते अजून ठरलं नाही.

आणि एक विचारायचं होतं. रस फुटल्यावर तू नेमकं काय केलंस? आच कमी केलीस, की भांडं खाली उतरवलंस? मला आठवत नाही असं नाही, ताई. मी पाहिलंच नाही. तू भांडं फिरवत होतीस तेव्हा कोणी येतंय का म्हणून मी दाराकडे बघत होतो.

तुझा,
दाराकडे बघत राहिलेला
एनेको