पेणला न मिळालेली पुस्तकं

प्रिय रेहानाआपा,

येत्या रविवारी पेणच्या वाचनालयात तुझी शोकसभा आहे. शोकसभा नको, ‘स्मरणसभा’ म्हणा, असं सरांनी आपल्या वाचनाच्या ग्रुपवर सुचवलं आणि सगळ्यांनी लगेच जोडलेल्या हातांची रांग लावली. सर तुझ्या सर्वांत आवडत्या पुस्तकावर, ‘उशिराचं यान’वर, बोलणार आहेत. आभार मानायचं काम माझ्याकडे आलंय. लेखिका आहे ना मी! सभेत लेखिकेला एकतर समई लावायला बोलावतात, नाहीतर आभार मानायला.

त्या आभाराची चार वाक्यं लिहायला बसले होते. पहिलंच लिहवेना. म्हटलं, आधी तुझ्याशी भांडून घ्यावं. कारण तुझ्याबद्दलची एक गोष्ट मला कळलीय. रविवारी त्या खोलीत जमणाऱ्या कुणालाच ती ठाऊक नाही. आणि ती तू मला सांगितली नाहीस, आपा! तुझ्या सुनेकडून कळली.

आपली पहिली भेट आठवते? मी माहेरी रोह्याला आले होते. साडीला फॉल हवा होता म्हणून तुझ्या दुकानात शिरले. धागे, बटणं, लेस यांच्या डब्यांमध्ये तू पुस्तकात तोंड घालून बसली होतीस. मी खाकरले, तर तू मान वर न करता हात दाखवलास.

“जरा थांबायचं ताई. यान उतरतंय.”

मी थांबले. पान उलटलं. मग मीच विचारलं, “उतरलं का?”

“उतरलं. पण माणसं मेली सगळी. कुठला रंग दाखवू?”

त्यानंतर आपण तास-दीड तास परग्रहांवर होतो. मी फॉल न घेताच घरी गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले तर तू म्हणालीस, “काल काय विसरलीस ते आठवलं का गो?” मी अहो-जाहो करायला लागले, तर म्हणालीस, “आपा म्हण आणि तू म्हण. नायतर दुसऱ्या दुकानात जा.”

आपल्या दोघींतून तो ग्रुप झाला. पेणचे सर आले, पेणजवळच्या जोह्याची गणपती रंगवणारी वैशाली आली, तिच्यामागून आणखी काही जण आले. नावही तूच ठेवलंस, ‘उद्याची पुस्तकं’. महिन्यातून एका रविवारी ज्यानं त्यानं सध्या काय वाचतोय ते सांगायचं. फक्त विज्ञानकथा. गोष्ट थोडी सांगायची, चव लावायची आणि थांबायचं. शेवट सांगायचा नाही. हा नियमही तुझाच होता. आता वाटतं, किती पुढचं बघून केला होतास तो!

तू एकदा स्वतःची गोष्ट टाकली होतीस ग्रुपवर. बोलून, तुझ्या आवाजात. एका माणसाला रोज सकाळी दुसऱ्याच कुणाच्या तरी आठवणी येतात, अशी काहीतरी. मला आवडली होती. मी लगेच फोन करून सांगितलंही होतं, आपा, पुढं लिही. पण त्याआधी सरांची ओळ येऊन पडली होती. “प्रयत्न चांगला. मात्र लिहिण्याआधी भरपूर वाचावं.” त्या ओळीखाली सगळ्यांचे अंगठे.

“सर बोलले ते ऐकलंस ना,” तू म्हणालीस. “वाचते आता भरपूर.”

मला वाटलं, तुला राग आलाय आणि जाईल. गेला नव्हता तो. कामाला लागला होता!

पुढच्याच महिन्यात तू ‘सावल्यांची शिफ्ट’ सांगितलंस. एक कंपनी कामगारांना सांगते, तुम्ही रात्री घरी झोपा, तुमची सावली तेवढी कामावर पाठवा. लोक खूश. मग एक दिवस सावल्या सुट्टी मागायला लागतात. “कुणीतरी पोलंडकडचा आहे,” तू म्हणालीस, “नाव माझ्या जिभेला झेपत नाय.” ग्रुप अक्षरशः पेटला. वैशालीनं जोह्याच्या कारखान्यातून आवाज पाठवला. मागं रंगाच्या कॉम्प्रेसरची घरघर.

“आपा, गणपतीचं एक बोट रंगवायचं र्‍हायलंय, तुमचं ऐकत बसले. सुट्टी मिळाली का नाय सावल्यांना?”

“पुस्तक मिळव नि वाच गो. शेवट सांगायचा नाय.”

“अवं, मिळतं कुठं पण ते? पेणातली सगळी दुकानं पालथी घातली मी!”

मीही पेणच्या दुकानांतून शोधलं. वाचनालयात विचारलं, पुण्याच्या ओळखीच्या दुकानदाराला विचारलं. असं पुस्तक नाही म्हणाला. मी तुझी बाजू घेऊन त्याच्याशी वाद घातला! म्हटलं, जुना अनुवाद असेल, आवृत्ती संपली असेल, तुम्हाला माहीत नसेल.

आणि मग ‘उशिराचं यान’, त्याच पोलंडवाल्याचं. एक आई कंपनीच्या करारावर यानातून लांब कामाला जाते. यानात दोन वर्षं जातात, इथे जन्म सरतो. ती परत येते तेव्हा तरुणच असते आणि तिचा मुलगा म्हातारा झालेला असतो. तो तिला घ्यायला येतो. तू एवढं सांगितलंस. मागं तुमच्या गल्लीतला भंगारवाला ओरडत गेला. मग म्हणालीस, “दार उघडतं. म्हातारा पुढं होतो. आणि तो तिला काय हाक मारतो, ते तुमी पुस्तकात वाचा.”

त्या यानात ती बाई वालाला मोड आणून बिरडं सोलत बसते, असंही तू सांगितलं होतंस. मी विचारलं, “आपा, पोलंडच्या माणसाला बिरडं कसं ठाऊक?”

“अनुवाद करणारीनं बदललं असेल गो. पेणची असेल कोणतरी.”

आणि मी गप्प बसले. पटलं मला ते!

सर मात्र गप्प बसले नाहीत. त्यांचा निरोप मी आज पुन्हा वाचला. “हे मी मूळ इंग्रजीतून वाचलं आहे. अनुवादात बरंच गाळलेलं दिसतं. मुळात आईचं पात्र तसं गौण आहे, खरी कादंबरी यानाच्या इंजिनावर आहे.” खाली पुन्हा अंगठे. सर, तुमचं वाचन म्हणजे काय बोलावं!

तू उत्तर दिलं होतंस. तेही आज ऐकलं. “सर, तुमी वाचलंत? वा! मला वाटलं होतं, मीच एकटी.” आणि हसलीस. खोकला येईपर्यंत हसलीस. तेव्हा मला वाटलं, तुला आनंद झाला. आपल्यासारखंच वाचणारं कुणी भेटलं म्हणून.

तू गेल्यावर चाळिसाव्याला मी रोह्याला आले. तुझा मुलगा दोहाला परत जायच्या तयारीत होता. तो आला तेव्हा तुझी माती होऊन गेली होती, असं तुझी सून सना म्हणाली. तो दुकानाच्या दारात उभा राहिला होता म्हणे, आत न शिरता. मी सनाजवळ जाऊन बसले. ती म्हणाली, “ताई, तुमी वाचायला पाठवलेली पुस्तकं घेऊन जा. मी गठ्ठा बांधून ठेवलाय. अम्मींनी उघडलीच नायत ती.”

“उघडली नाहीत? अगं, दर महिन्याला तर त्या ग्रुपवर...”

“डोळे कुठं होते त्यांना? साखरेनं नेले ना, तुमचा ग्रुप झाला त्याच वर्षी. बटणांचे रंगसुद्धा मला विचारायच्या. तुमचं पुस्तक आलं की हातात घ्यायच्या, किती जाड हाय ते बघायच्या नि म्हणायच्या, ही बाय फार बोलते. आणि ठेवून द्यायच्या.”

“मग ती यानाची गोष्ट? सावल्यांची?”

सना माझ्याकडे बघतच राहिली. “त्या त्यांच्याच. मी भाकऱ्या थापताना मला आधी सांगायच्या. मी जांभई दिली की म्हणायच्या, थांब, इथं कुणालातरी मारते. तुमाला ठाऊक नव्हतं?”

नव्हतं ना! ज्या सुनेनं आयुष्यात एक विज्ञानकथा वाचली नाही तिला ठाऊक होतं, आणि मी पेणच्या दुकानांतून हिंडत होते.

मी विचारलं, “शेवट सांगितले का तुला?”

“नाय. मी लय मागं लागले. तर म्हणायच्या, तो आपल्या ग्रुपचा नियमच हाय.”

पेणला परत येताना बसमध्ये पुस्तकांचा गठ्ठा मांडीवर होता. नागोठणं गेलं, गडब गेलं, मी कुठे होते मला कळलं नाही. आधी हसू आलं. मग इतका राग आला, आपा, की गठ्ठा खिडकीतून टाकून द्यावासा वाटला.

सरांवरचा राग सोपा आहे. त्यांच्यासारखे खूप पाहिलेत मी. माझा राग त्या अंगठ्यांवर आहे. रोह्याच्या बाजारात बटणं विकणारी बाई यान उडवते म्हटल्यावर कुणाला ऐकायचं नव्हतं. तेच यान कुठल्याशा थंड देशातून उडालं म्हटल्यावर सगळ्यांना तिकीट हवं! आणि आपण कोण? परग्रहावरच्या आठ पायांच्या जिवाचं दुःख समजून घेणारे वाचक. आपल्यासारखं उदार मन कुणाचं नाही, असं आपणच एकमेकांना सांगत होतो. आपल्यातल्या कुणी तुझ्या डोळ्यांची चौकशी केली?

पण तुझ्यावरचा राग वेगळाच आहे. एका माणसाच्या एका ओळीसाठी तू तुझी सगळी पुस्तकं दुसऱ्यांच्या नावावर करून टाकलीस? नसलेल्या माणसांच्या नावावर! पोलंडचा कोण, जपानचा कोण, त्यांना श्रेय. मी एका दिवाळी अंकाच्या कथेसाठी महिनोन्महिने कण्हत बसते, तू माझी समजूत घालायचीस, “येईल गो, घाई करू नको.” आणि तू मात्र भाकऱ्या होईपर्यंत एक ग्रह उभा करायचीस आणि देऊन मोकळी व्हायचीस!

मला तरी सांगायचंस. मी काय सर होते? की मला कळलं असतं तर मी लिही लिही म्हणून मागं लागले असते, आणि मग पुन्हा ते प्रयत्न चांगला, आधी भरपूर वाचा, हे सगळं आलं असतं, आणि ते तुला नको होतं? असं असेल तर तुझा माझ्यावर विश्वास नव्हता. आणि नुसती गंमत म्हणून केलं असशील, तर त्या गमतीत मीही सरांच्याच शेजारी बसलेली होते. यातलं कुठलं बरं, ते तूच सांग.

सभेची तयारी ऐकायची आहे? सरांनी तुझा फोटो मोठा करून घेतलाय. फोटोला हार घालू नका, आमच्यात चालत नाही, असं सनानं कळवलं तरी हाराची ऑर्डर गेलीच होती. वैशालीनं ती परस्पर रद्द केली. भाषणाचा विषय जाहीर झालाय, ‘उशिराचं यान : मूळ आणि अनुवाद’. सर टिपणं काढताहेत म्हणे.

खरं सांगते, मी गप्प बसणार होते. तुला आवडलं असतं. सर इंजिनाबद्दल बोलताहेत, लोक माना डोलावताहेत, आणि तू कुठेतरी खोकला येईपर्यंत हसतेयस. तुझी गंमत तुझ्यापाशी राहिली असती.

पण काल वैशालीचा फोन आला. “ताई, मूर्तींच्या ऑर्डरसाठी मुंबईला चालले. आपांचं ते यानाचं पुस्तक तिथं शोधते. सापडलं तर त्यांच्या नावानं वाचनालयाला देऊया. त्यांनी मला शेवट सांगितला नाय, तो तरी वाचीन.”

“नको शोधूस,” मी म्हटलं.

“का गो ताई? मिळंल की कुठंतरी. सरांना मिळालं ना?”

ती दुकानं पालथी घालत राहील, आपा. तिच्यासारखी माणसं थांबत नाहीत. तुझी गंमत सरांपुरती होती, पण हेलपाटे वैशालीला पडताहेत.

तेव्हा आता तुला विचारत नाही, सांगते.

रविवारी सरांचं भाषण मी शेवटपर्यंत ऐकेन. मध्ये बोलणार नाही. म्हातारा तिला काय हाक मारतो, तेही त्यांनी सांगितलं तर ऐकून घेईन. कोण जाणे, त्यांना ठाऊकही असेल! त्यांनी वाचलंय.

मग आभाराला उभी राहीन. आधी फोन माईकला लावून तुझा आवाज ऐकवीन, भंगारवाल्यासकट, दार उघडतं तिथपर्यंत. मग म्हणेन, सर्वांत आधी या पुस्तकाच्या लेखिकेचे आभार. रेहानाआपा, बटणवाल्या, रोहा. बाकीच्यांचे नंतर. सरांचेही मानीन. तुझं मूळ पुस्तक वाचलेला तो जगातला एकच माणूस आहे.

तुझा प्रत्येक निरोप मी उतरवून काढीन, वर तुझं नाव घालीन आणि वैशालीला जोह्याला नेऊन देईन. शेवटाची जागा कोरी ठेवीन. ती मी भरणार नाही आणि दुसऱ्या कुणाला भरू देणार नाही, एवढा शब्द देते. तुझी पुस्तकं तू अर्धीच दिलीस. ती अर्धी तरी तुझ्याच नावावर राहतील.

फॉल न घेताच परत गेलेली तुझी,

नीलिमा