पाहुणीला अडचण सांगत नाहीत

८ ऑगस्ट १९९५, तिसगाव
दुपार. पाळणाघरात (यापुढे पा.घ., कोण एवढं लिहीत बसणार) अकरा झोळ्या, अकराही पोरं गाढ. पोरांच्या आया शेतात खुरपायला गेल्यात. सरूमावशी पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून दोन झोळ्या हलवते आणि हातानं तांदूळ निवडते. मी भिंतीला टेकले आणि माझाच डोळा लागला. स्वप्नात शेडचा पत्रा निळा झालेला, खिडकी ही एवढी, करंजी गावाकडचा डोंगर खिडकीत येऊन बसलेला. जागी झाले तर मावशी हसतेय. "अकरा मोजाया बसलीस आन् बारावी तूच झालीस व्हय गं नंदा?"
छान वाटलं मात्र. अजून अंगात तीच झोप आहे.

११ ऑगस्ट
पा.घ.च्या शेडचा मालक आला होता. दसऱ्यापर्यंत भाडं वाढवून द्या, नाहीतर कापूस भरायचाय. बोलला गोडच.
पा.घ. चालवणाऱ्या आमच्या महिला मंडळाची सचिव मी. नगरला एका व्यापारी घराण्याचा ट्रस्ट आहे, छोट्या मंडळांना वर्षाचं अनुदान देतो. भाडं आणि मावशीचं मानधन, एवढंच मागायचं. मिळालं तर निळा रंगही... असो. आधी अर्ज.

१९ ऑगस्ट
अर्ज नऊ पानी. 'लाभार्थी' शब्दापाशी पेन थांबलं. तेव्हा पा.घ.तली राणी माझ्या मांडीवर बसून पदराचं टोक चोखत होती. हीच की ती लाभार्थी!

२ सप्टेंबर
ट्रस्टतर्फे कुलकर्णीबाई पाहणीला आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, शांत, आवाज मऊ. आमच्या बायकांनी काय थाट केला! खुर्च्या शाळेतून, भिंतीवरचं घड्याळ सरपंचांच्या घरून, पोरांना पावडर, स्वतः ठेवणीतली लुगडी. पोहे, चहा.
बाईंनी वही उघडून विचारलं, "तुमची अडचण काय आहे?"
मावशी म्हणाली, "अडचन कसली? समदं बरं हाय. तुमी आधी च्या घ्या."
आया पण लगेच, "व्हय व्हय, लई बरं चाललंय."
आणि मी? मी मान डोलावली. गाढव मी. किती अभिमान वाटत होता त्या क्षणी.

३ सप्टेंबर
मावशीवर चिडले. भाड्याचं का नाही बोललीस? ती उलट माझ्यावरच. "पाव्हनी उंबऱ्यात आली, अजून पानी प्याली न्हाई, आन् रडगानं लावू? आपल्यात करत्यात का तसं?"
नाही करत. आईनं मलाही हेच शिकवलंय.

१४ सप्टेंबर
पत्र. 'काम उत्तम आहे. मात्र अनुदानाची निकड स्पष्ट होत नाही. अनुदान न मिळाल्यास काय होईल, हे एका परिच्छेदात लिहून २५ तारखेपर्यंत पोचवावे.'
पत्रावर रागावता येईना. त्यांनी विचारलं होतं की.

१७ सप्टेंबर
तीनदा लिहिलं. 'गैरसोय होईल.' 'मोठी गैरसोय होईल.' फाडलं. मग खिडकीतून ढग बघत बसले, तास गेला.

२० सप्टेंबर
दुपारी नव्यानं लिहिलेला परिच्छेद मावशीला वाचून दाखवला. तिनं दोरी थांबवली.
"जागा गेली तर काय? म्होरं बी मागल्यावानीच. बाभळीला झोळी टांगायची न् खुरपायच्या पातीला लागायचं."
एक पोर झोपेत हसलं.
"माझी पहिली, चंद्रा. सा म्हैन्यांची हुती. झोळी सावलीत बांधली. मी पार त्या टोकाला, मुकादम पात सोडू दिना. सावली फिरली गं. मला कळलंच न्हाई. आले तवर झोळी उन्हात."
मी तिचा हात धरला. रडू आवरेना. ती रडली नाही. पुन्हा दोरी हलवायला लागली. एवढी वर्षं या बाईच्या शेजारी बसले आणि मला पत्ता नाही!
निघताना म्हणाली, "हे लिहू नगंस हां. कागदावर गेली की समद्यांची हुईल. ती माझी हाय."

२४ सप्टेंबर, संध्याकाळ
लिहिलं. नाव नाही, गाव नाही, 'एका मजूर बाईचे बाळ' एवढंच. पाच ओळी. वाचून पाहिलं, माझ्याच अंगावर काटा आला. हे वाचून कुलकर्णीबाई नाही म्हणणार नाहीत, मला पक्कं ठाऊक आहे.
दुसरा परिच्छेदही लिहून ठेवला. कापूस, भाडं, आयांचा रोजगार बुडेल. सगळं खरं. वाचून काहीच होत नाही.
अकरा पोरं एकीकडे आणि मावशीचा शब्द एकीकडे. तिला विचारलं तर नाहीच म्हणेल. न विचारता दिलं तर तिला वाचता येत नाही, कधी कळणारही नाही. हाच विचार मनात आला याची लाज वाटते.
टपालानं आता पोचायचं नाही, उद्या सकाळच्या एस.टी.नं मीच नगरला जाते. पिशवीत दोन्ही पाकिटं आहेत.
मावशी म्हणाली, स्टँडपर्यंत सोडायला येते. येऊ नको म्हणायला तोंड उघडलं, पण कारण सुचेना.