घामखोलीचा पहारा

३ जून
सुटलो बुवा! न्यायाधीशबाई म्हणाल्या, चौदा महिने गजाआड काढ, नाहीतर ओक्लाहोमाच्या माळावर 'कोरी पाटी' नावाच्या सुधारकेंद्रात सात आठवडे सुधारायला जा. हा काय विचारायचा प्रश्न झाला? इथं खिडक्यांना गज नाहीत, जेवणात मक्याचा पाव आणि चवळी, माणसं हसून बोलतात. खोलीत जोडीला साठीचा ऑरिन टिबेट्स, घरं फोडणारा. २५ जुलैला कोर्टात उभा राहिलो नाही, तर माझी नऊ वर्षांची डेला कायमची दत्तक जाणार. म्हणजे तीन दिवस हातात राखून सुटतोय.

८ जून
नुसतं थोतांड आहे हो. दोन तास समोरच्याच्या डोळ्यांत बघत बसायचं, पापणी हलली की पहिल्यापासून. मग मूठभर व्हिटॅमिनच्या गोळ्या गिळून घामखोलीत पाच तास. गुन्हा म्हणे अंगातल्या विषातून येतो नि घामावाटे जातो. मी ट्रक पळवला तो घाम आला नाही म्हणून होय! शेवटी 'यशोगाथा' लिहायची. नाही लिहिली तर तीच पायरी पुन्हा. ऑरिन अडून बसलाय, झालंच नाही ते लिहिणार नाही म्हणतो. मी मात्र ठोकून दिलं, माझा नवा जन्म झाला म्हणून. इथल्या मुख्य व्हर्नाबाईंच्या डोळ्यांत पाणी! हसू दाबता दाबता पोट दुखलं.

१९ जून
बढती! मी म्हणे इतका स्वच्छ झालोय, की घामखोलीच्या दारावर आता माझा पहारा. कडी बाहेरून. वेळेआधी उघडली तर उघडणारा पहिल्या पायरीवर. आत ऑरिन. त्याचं इन्सुलिन बंद केलंय, औषध म्हणजे विषच ना. तो दार बडवतो. मी ओरडलो, अरे गाढवा, चार ओळी खरड आणि सूट. त्यानं माझ्या आईचा उद्धार केला. खरं सांगतो, मजा आली.

२ जुलै
इन्सुलिनवाचून ऑरिनच्या तोंडाला नासक्या फळांचा वास येतो. मला भाऊ समजून हाक मारतो. व्हर्नाबाईंना सांगितलं. म्हणाल्या, त्याची कीव येते म्हणजे तुझ्याही मनात काहीतरी लपलंय. परत पहाऱ्यावर गेलो. डेलासाठी.

९ जुलै
ऑरिननं आधी दार बडवलं. मग नखांनी खरवडलं. मग रडायला लागला. लिहितो म्हणाला, थर्मन, तू सांगशील ते लिहितो — चाळीस मिनिटं उरली होती. मी घड्याळ बघत बसलो. उघडलं तेव्हा श्वास चालत नव्हता —
का नाही उघडलं मी?

१० जुलै
व्हर्नाबाई म्हणाल्या, त्याची यशोगाथा तूच लिही. सहीही त्याची कर. नाहीतर सुटका विसर.
लिहिली. छान लिहिली. देवा.

२१ जुलै
उद्या सुटणार होतो. व्हर्नाबाईंनी तोच कागद समोर ठेवला. म्हणाल्या, खोटी यशोगाथा म्हणजे लपवलेला गुन्हा. पहिली पायरी. परत सात आठवडे. तुम्हीच लिहायला लावलीत, असं ओरडलो — बाई गोड हसल्या.

२५ जुलै
घामखोली. पेन हातातून सटकतंय. दारावर नवा माणूस आहे, त्याची बायको बाळंत होणार, त्याला घरी जायचंय. सांगितलं त्याला, आज दहाला कोर्ट — पोरगी बाकावर बसून वाट बघत असेल — तो म्हणाला, नियम आहे रे भाऊ. बडवतोय — लिहितो म्हणालो, सगळं लिहितो — तो शीळ घालतोय — अजून चार ता