मायच्या पाठीवर खो

माय, काल एक बाई शाळेत माझ्याशी भांडायला आली. तिची पोरगी मैदानावर उन्हात काळी पडते, पुढे तिला कोण करून घेणार, असा तिचा मुद्दा. इथे धुळ्याला खेळाची शिक्षिका म्हणून राबताना असल्या बाया मला दर वर्षी भेटतात. मी त्यांना चहा पाजते, पोरीचं कौतुक करते आणि वाटेला लावते. पण कालची बाई कमरेवर हात ठेवून अशी ठसक्यात उभी राहिली की मला एकदम नेपाळातल्या पोखऱ्याच्या मैदानाची ती भिंत दिसली, आणि हसूच फुटलं. ती बिचारी आणखीच भडकली. ती गेल्यावर वाटलं, हे तुझ्याशी बोलायला हवं. तुला जाऊन किती वर्षं झाली, पण तुला सांगायची माझी खोड काही मोडत नाही.

जळगावच्या कॉलेजात मी खो-खोच्या संघाची कप्तान झाले, तेव्हा तुला कप्तान म्हणजे काय ते कळलं नव्हतं. तू एवढंच विचारलंस, की पळावं जास्त लागतं की कमी? आणि मग नेपाळचं निघालं. पोखऱ्याच्या एका शाळेला मुलींचा खो-खो सुरू करायचा होता, आणि आमच्या सरांची कुठून तरी ओळख निघून आम्हाला बोलावणं आलं. दिवाळीनंतर जायचं, आठवडाभर तिथल्या लहान पोरींना खेळ शिकवायचा. आमच्यातली एकही पोरगी तोवर भुसावळच्या पुढे गेली नव्हती. नाचायचंच बाकी होतं! आणि नेमक्या आमच्यासोबत यायच्या त्या मॅडम न्हाणीघरात घसरून पाय मोडून बसल्या. प्रिन्सिपॉलांनी सांगून टाकलं, सोबत वडीलधारी बाई नसेल तर संघ जाणार नाही.

मी पारोळ्याकडची एस.टी. धरून गावी आले आणि चुलीपुढे फतकल मारून रडत बसले. तू कळण्याची भाकरी थापते आहेस, तव्यावर वाफ उठते आहे, भाऊ ओट्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरताहेत. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, पासपोर्ट का काय म्हणतात ते करायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, नेपाळला लागत नाही. त्यावर तू भाकरी उलटलीस. ‘‘पासपोर्ट लागस नही, त्याले काय परदेश म्हनतस? मी जासू.’’ भाऊंचा अडकित्ता जागच्या जागी थांबला. मग ते हळूच म्हणाले, ‘‘आन म्हशी?’’ तू त्यांच्याकडे बघितलंही नाहीस. ‘‘तुम्ही शेतस ना!’’ अगं माय, तू घरात एवढं ठाम बोलू शकतेस हे मला त्या दिवशी कळलं, आणि बहुतेक भाऊंना, तुझ्या नवऱ्यालाही.

गोरखपूरच्या गाडीत आख्ख्या डब्याची तू काकू झालीस. ठेचा, शेव, बिबड्या, तुझ्या गाठोड्याला तळच नव्हता. सर तर तुझ्यापुढे इतके गरीब झाले होते की चहा घ्यायलासुद्धा तुझ्याकडे बघून मग कप उचलायचे. आणि पोखऱ्याला सकाळी धुकं हटलं आणि समोर तो पांढराशुभ्र डोंगर उभा राहिला, तेव्हा आम्ही पोरी आ वासून बघत राहिलो, आणि तू पदर सावरत विचारलंस, ‘‘कोनी चुना लाया व त्याले?’’ आजही कुठे कॅलेंडरवर बर्फाचा डोंगर दिसला की मला तुझंच वाक्य आठवतं.

पहिल्या दिवशी पोरी आल्या, चांगल्या तीसेक. लाजऱ्या, तोंडावर हात ठेवून हसणाऱ्या, पण पाय असे चपळ की सर हरखून गेले. मी त्यांना ओळीत बसवलं, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, आणि खो कसा द्यायचा ते दाखवलं. आता हे बघ, खो देताना मागून पाठीला हात लावायचा आणि तोंडाने खो म्हणायचं, एवढंच असतं. पण आमच्या कॉलेजचं मैदान पडलं जिनिंगच्या कारखान्याच्या भिंतीला लागून. कापसाच्या दिवसांत ती यंत्रं अशी धडधडायची की कानाशी ओरडलेलं ऐकू यायचं नाही. म्हणून सरांनी आम्हाला पाठीवर सणसणीत धपाटा घालायची सवय लावली होती, म्हणजे बसलेलीला कळावं. आम्हाला वाटायचं, सगळ्या जगात खो असाच देतात. पोखऱ्याच्या त्या शांत मैदानावर, जिथे पाखरू उडालं तरी ऐकू यावं, तिथे मी एका लहानग्या पोरीच्या पाठीत असा खो घातला की आवाज डोंगरापर्यंत गेला असेल. पोरगी कळवळली, पण उठून पळाली. मला वाटलं, शिकली!

दुसऱ्या दिवशी मैदानावर चिटपाखरू नाही. पोरी नाहीतच, पण भिंतीपलीकडे त्यांच्या आया उभ्या, पाठीला बांबूच्या टोपल्या बांधलेल्या, कमरेवर हात. तिथल्या मास्तरांनी ओशाळून हिंदीत सांगितलं, की हे लोक आमच्या पोरींना मारतात असं बाया म्हणताहेत, आता पाठवणार नाहीत. सरांनी हात जोडले, समजावलं, त्यांची जळगावची हिंदी त्या बायांपर्यंत पोचलीच नाही. उलट त्यांना वाटलं, हा बाप्या आणखी रागावतोय. सर परत आले ते चेहरा पाडूनच. म्हणाले, ‘‘उद्याही नाही आल्या तर आपण निघू. आणि एक लक्षात ठेवा, आपण असे परत गेलो तर कॉलेज पुन्हा मुलींना कुठेही पाठवणार नाही.’’ ते मला बोलले नाहीत, पण धपाटा माझा होता. मी खोलीच्या मागे जाऊन रडायला लागले.

तू आलीस. ‘‘काय व, रडस कसाले?’’ मी सांगितलं. मला वाटलं जवळ घेशील. तू म्हणालीस, ‘‘आपली पोरले कोनी मारं ते मी बी तिले धाडाव नही. बरोबर शे त्यास्नं.’’ आणि चपला तिथेच सोडून मला हाताला धरून मैदानात ओढत नेलंस. भिंतीजवळ जाऊन त्या बायांशी तू जे बोललीस ते अस्सल आपल्या गावचं, त्यातला एक शब्द त्यांना कळला नसणार. पण तू आधी माझ्याकडे बोट केलंस, मग आपल्या पोटाकडे, म्हणजे ही माझी पोर. मग माझ्या हाताकडे, मग स्वतःच्या पाठीकडे. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

मग तू लुगड्याचा काष्टा घट्ट ओढलास आणि ओळीत जाऊन बसलीस! आमच्या पोरींच्या मधे, मांडी घालून, भजनाला बसल्यासारखी. मी म्हटलं, ‘‘माय, अशी नाही, उकिडवी बस.’’ तू तशी बसलीस. सरांना काही सुचेना, त्यांनी आपली शिट्टी वाजवली. आमच्याच तिघी पळायला उतरल्या, मी पकडायला. एक फेरी झाली, दुसरी झाली, मी प्रत्येक वेळी तुला टाळून दुसरीलाच खो दिला. हातच उचलेना. जन्मात तुझ्या पाठीला मी हात लावला नव्हता, धपाटे खाल्ले होते तेवढे. तू ओरडलीस, ‘‘मार ना व! जोरमा मार! तुन्ही माय शे म्हनीसन भ्यास का?’’

मी धावत आले आणि घातला. तुझ्या पाठीत, सणसणून. खो! पलीकडच्या बाया भिंतीवरून पुढे वाकल्या. आणि तू अशी उठलीस, अशी पळालीस माय, की पदर खांद्यावरून खाली, अंबाडा सुटलेला, आणि तोंडाने तूच ‘‘खो खो खो’’ ओरडते आहेस, जे पळताना ओरडायचं नसतंच. समोरची पोरगी हसून हसून पळेना. ती निसटली की तू मधेच उलटी फिरलीस, फाउल, सर शिट्टी फुंकताहेत, तू कोणाला दाद देतेस? शेवटी तिला धरलंस ते दोन्ही हातांनी कवळ्यात, आणि सोडेचना. मग भिंतीकडे वळून तू स्वतःच्या पाठीवर हात फिरवलास आणि हात हलवलास, काही झालं नाही गं बायांनो!

आधी एक हसली, मग सगळ्या. एक ठेंगणी बाई भिंत चढून आलीच, पाठीवरचं लेकरू सोडून सरांच्या हातात दिलं आणि तुझ्या शेजारी ओळीत बसली. तिसऱ्या दिवशी पोरी तर आल्याच, आयाही आल्या. मी हलका हात शिकले, पण त्या बायांना धपाटाच आवडला, एकमेकींना घालून लोटपोट व्हायच्या. आठवड्याच्या शेवटी त्या लहानग्या पोरींनी आमच्याशी सामना खेळला आणि आमच्या तिघींना बाद केलं. निघताना बस सुटेपर्यंत बाया तुझ्या पाठीवर खो देत होत्या. त्या ठेंगणीने दिलेली लोकरीची टोपी तू आपल्याकडच्या थंडीत शेतात घालून जायचीस, आणि भाऊ म्हणायचे, आला नेपाळचा राजा. पुढच्या वर्षी कॉलेजने मुलींना इंदूरला पाठवलं, काही न कुरकुरता.

परतीच्या गाडीत तू म्हणालीस, ‘‘तुन्हा हात भलता जड शे,’’ आणि खिडकीकडे तोंड करून झोपलीस. मी पाठ चोळून देऊ का म्हणायला हवं होतं, पण आपल्यात तशी रीत नव्हती. हे पत्र टाकायला पेटी नाही, पत्ता नाही. तरी एक गोष्ट सांगते, ती सरांनाही कळली नाही. त्या दिवशी मला खो द्यायची गरजच नव्हती. पळणारी माझ्याच बाजूला होती, हाताच्या अंतरावर, मी हात लांबवला असता तर ती बाद झाली असती. पण माय, मी तुला कधी पळताना बघितलं नव्हतं.