उभ्याने वाचलेले तारे

वेल्बर्न, व्हर्जिनिया
१० सप्टेंबर १९६०

ती. ओडेसाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि वर्गातल्या मुलांसोबतचा फोटो मिळाला. आजी तो फोटो पर्समध्ये घेऊन हिंडते. घरातली पहिली पदवीधर रिचमंडमध्ये शिकवते, हे ती न विचारणाऱ्यांनाही सांगते. आईचं म्हणणं, तू वाळली आहेस.

आता खरी बातमी. कोर्टाचा निकाल लागला. टेकडीवरच्या मोठ्या वाचनालयात पुढच्या आठवड्यापासून आपल्या काळ्या लोकांनाही जाता येणार. तिथे ताऱ्यांच्या नकाशांचं एक भलंमोठं पुस्तक आहे, असं सायन्सचे सर म्हणतात. ते घरी नेऊ देत नाहीत, तिथेच पाहावं लागतं. मार्चमध्ये शाळेचं प्रदर्शन आहे आणि मला हिवाळ्यातलं अख्खं आकाश एका चादरीवर उतरवायचंय. आपल्या शाळेच्या पुस्तकातली नेमकी तीच पानं फाटलेली आहेत. गोऱ्यांच्या शाळेने वापरून टाकलेलं पुस्तक, दुसरं काय होणार!

चादर आजीने द्यायची कबूल केली आहे. जुनी, पण भोक नसलेली.

तुझी धाकटी,
वर्लीन

---

रिचमंड
१४ सप्टेंबर १९६०

चि. वर्लीन,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. मुलांनी बाकं वाजवली. तू तिथल्या टेबलाशी बसून पुस्तक उघडशील, तेव्हा तुझ्यामागे आम्ही सगळे उभे असू, हे लक्षात ठेव.

एकटी जाऊ नकोस, मैत्रिणींना घेऊन जा. हात धुऊन जा. आणि बोटाला थुंकी लावून पान उलटायची ती तुझी घाणेरडी सवय घरीच ठेव. आईला सांग, मी वाळलेली नाही, फोटो वाईट आला आहे.

तुझ्या चादरीवरच्या आकाशाची वाट पाहणारी,
ताई

---

वेल्बर्न
१७ सप्टेंबर १९६०

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज गेलो. मी, अर्लीन आणि विली पर्ल. पुढच्या दाराने. कुणी अडवलं नाही.

ताई, आत एकही खुर्ची नव्हती, एकही टेबल नव्हतं. फरशीवर जिथे त्यांचे पाय टेकत होते, तिथे फिकट ठिपके तेवढे राहिलेत. खुर्ची फक्त मिस प्रुइटची, त्या ग्रंथपालबाईंची. त्या खाली बघून म्हणाल्या की नगरपालिकेने ठरवलंय, कुणीही यावं, पण बसायचं कुणीच नाही. अर्लीनने जमिनीवर बसू का विचारलं. तेही नाही. म्हणजे आपल्या शेजारी बसायला लागू नये म्हणून गोरे स्वतःसुद्धा उभे राहायला तयार झाले.

पुस्तक इतकं जड आहे की एकटीने उचलून धरायचं आणि त्यातलं काढायचं, दोन्ही जमत नाही. मृग नक्षत्राचे तीन तारे काढले आणि हात गळाले. वाटेत विली पर्ल रडली. मी घरी येऊन रडले.

तुझी,
वर्लीन

---

रिचमंड
२१ सप्टेंबर १९६०

चि. वर्लीन,
आशीर्वाद.

पत्र वाचून माझं डोकं भणभणलं. तिथे पुन्हा पाऊल ठेवू नकोस. उभं राहून वाचणं म्हणजे त्यांचा अपमान मुकाट्याने गिळणं. खुर्च्या परत येईपर्यंत आपल्यापैकी कुणीही तिकडे फिरकू नये, असं मी पास्टरांना आजच लिहिते आहे. वर्तमानपत्रालाही लिहिणार आहे. तुझ्या नकाशांसाठी मी इथे शोधते, धीर धर.

तुझ्यावर आणि आपल्या हक्कांवर सारखीच माया करणारी,
ताई

---

वेल्बर्न
२ ऑक्टोबर १९६०

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण मला तुझं पटलं नाही. आपण फिरकू नये म्हणूनच तर त्यांनी खुर्च्या काढल्या. आपण घरी बसलो तर त्यांचं काम झालंच.

गेल्या रविवारी चर्चमध्ये दाराशी माझी अशरची पाळी होती. पांढरे हातमोजे, पांढरे बूट, डावा हात पाठीमागे. येईल त्याला जागा दाखवायची. आजी आम्हा अशर मुलींना शिकवते ते तुला ठाऊक आहेच: बोलायचं नाही, सगळं हाताच्या खुणेने, आणि सगळे बसल्याशिवाय अशरने बसायचं नाही. पास्टरांचं प्रवचन काही केल्या संपेना. मी भिंतीला टेकले नाही. आणि एकदम डोक्यात आलं, की या लोकांनी उभं राहायला लावलं तरी कुणाला!

काल आम्ही पाचजणी गेलो. दोघी पुस्तक उघडं धरतात, जशी चर्चमध्ये दानाची ताटं धरतो तशी. एकजण छातीशी पाटी धरून नकाशा उतरवते. एक दाराकडे लक्ष ठेवते. एक हात मोकळे करते. मी दोन बोटं उचलली की जागा बदलायच्या. तोंडातून शब्द नाही. आवाज केला म्हणून हाकलायला मिस प्रुइटना कारणच सापडेना. पेपर वाचायला येणारे एक म्हातारे गोरे गृहस्थ मात्र एकदा या पायावर, एकदा त्या पायावर, आणि शेवटी नगरपालिकेच्या नावाने बोटं मोडत निघून गेले.

आई काळजीत आहे. ती जिच्याकडे स्वयंपाक करते, त्या गोऱ्या बाईने विचारलं, तुझी पोरगी शनिवारी असते कुठे? आई म्हणाली, वाचत असते. आणि तिने पुन्हा कणीक मळायला घेतली.

आजी येणार नाही म्हणते. वाचनालयाचा तो वाडा पूर्वी तंबाखूच्या व्यापाऱ्याचा होता तेव्हा तिने तिथे इस्त्री केली आहे, मागच्या दाराने ये-जा करून. पुन्हा तो उंबरा नको, म्हणाली. पण रात्री आमच्या पायांना मलम चोळताना एवढंच बोलली, "गुडघे ताठ ठेवू नका गं. गुडघे ताठ ठेवणाऱ्या पोरी आधी पडतात."

माया पातळ करू नकोस,
वर्लीन

---

रिचमंड
४ जानेवारी १९६१

चि. वर्लीन,
आशीर्वाद.

नाताळची सुट्टी संपवून आले, पण माझ्या पोटऱ्या अजून वेल्बर्नमध्येच आहेत. वाचनालयात तुमच्या रांगेत उभी राहिले आणि तासाभरात भिंत शोधू लागले. विली पर्लने मला डोळ्यांनी दटावलं, ते मी विसरणार नाही. वर्गात शिकवताना मी खुर्चीवर बसते, हे आजीला सांगू नकोस.

मी अपमानाकडे बघत होते. तुझी नजर पुस्तकावर होती. वर्तमानपत्राला मी पुन्हा लिहिलं आहे, पण या वेळी "येऊ नका" असं नाही, "चांगले बूट घालून या" असं लिहिलं आहे.

उभं राहायचा सराव करणारी,
ताई

---

वेल्बर्न
१८ फेब्रुवारी १९६१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खुर्च्या आल्या. नगरपालिकेला उपरती वगैरे काही झालेली नाही. गोऱ्यांचेच पाय दुखले आणि त्यांनीच ओरड केली. पहिल्यापेक्षा कमी आहेत आणि लांब लांब ठेवल्यात, पण आहेत.

आम्ही गेलो तेव्हा पोरी बसायला धावल्या. मी खूण करून थांबवलं, कारण दार उघडलं होतं. आजी आली होती. पुढच्या दाराने. रविवारची टोपी, पांढरे हातमोजे. आत आली आणि सवयीने दाराशीच उभी राहिली, डावा हात पाठीमागे. मिस प्रुइट बघत राहिल्या.

मी तिच्यासमोर गेले. डावा हात पाठीमागे घेतला आणि उजवा पुढे केला, तिनेच शिकवलाय तसा. ती माझ्यामागून चालत आली आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली. मग पोरी बसल्या.

सगळ्यात शेवटी मी बसले, आणि पुस्तक टेबलावर उघडलं. मृगाचा राहिलेला पाय काढायचा होता.

प्रदर्शनाला नक्की ये. चादरीसमोर तुझ्यासाठी खुर्ची ठेवते,
वर्लीन