दोघींचा उपास

रुचिता,

"आई, कोपरच्या नातेवाइकांपैकी कुणालाही सांगू नका हं," असं काल दवाखान्यातून येताना रिक्षात म्हणालीस. नाही सांगणार. वजन उतरायला पोटात फुगा ठेवलाय, हे तुला वाटेल तेव्हा तू सांग.

कोपरला निशाच्या बाळाच्या बारशाला मी एकटीच निघते आहे. आत्ता कुठे तुझा डोळा लागलाय, म्हणून उठवलं नाही. मळमळीची गोळी उशाशी आहे. वरणाचं पाणी गाळून थर्मासमध्ये भरलंय, डॉक्टर म्हणाले तसं घोट घोटच घे. विनीत आज घरूनच काम करतोय. उलटी थांबली नाही तर त्याला हाक मार, संकोच करू नकोस.

गोदूआत्या विचारतीलच, "तुझी खाती सून कुठाय गं?" मागे त्या असंच बोलल्या, तेव्हा तू भरल्या ताटावरून उठलीस. मी तुझी बाजू घेतली नाही, ते अजून मनातून गेलेलं नाही.

आज सांगेन, आमच्या घरी उपास आहे. त्या म्हणतील, "बुधवारी कसला?" खोटं न बोलण्याचा माझा नेम तुला ठाऊक आहे. म्हणून सकाळीच देवीपुढे हात जोडून आजचा उपास धरला. तू पाण्यावर आहेस, तर मीही पाण्यावरच राहीन. तुला लवकर आराम पडू दे, एवढंच मागितलं. आता हे खोटं नाही.

बाळाचं झबलं घेतलंय. दार हळूच ओढून घेते, तू झोप.

आई